फेटा बांधला की लोकगीत!

गेल्या दिवाळीत आमच्या वसाहतीच्या सांस्कृतिक समितीने पहाटेचा जो गाण्यांचा कार्यक्रम केला, त्याला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. प्रमुख पाहुणा म्हणून मला तेथे बसवले होते, असे म्हणणे अधिक खरे. कार्यक्रमाच्या नावात ‘माती’ हा शब्द होता, हे सांगायला नकोच. हल्ली मातीवाचून आमचे पान हलत नाही. ज्यांच्या घरात कुंडीतली चिमूटभर माती फरशीवर सांडली तरी कामवालीच्या नावाने शंख होतो, त्यांनाही वर्षातून एकदा, पहाटे साडेपाच वाजता, अभ्यंगस्नान करून आणि अत्तर लावून, मातीचा गंध घ्यावासा वाटतो. घ्यावा बापडा. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

रंगमंचावर पुठ्ठ्याची झोपडी होती, बैलगाडीचे एक चाक होते, कंदील होता आणि मधोमध एक जाते मांडलेले होते. नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली एक मुलगी जात्यापाशी येऊन बसली. ध्वनिक्षेपकातून ओवी सुरू झाली आणि ती आपला उजवा हात हवेत गोल गोल फिरवू लागली. पाठीमागे की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि बासरी. गळा चांगला होता. ध्वनिमुद्रित होता, पण चांगला होता. ओवी संपली तशी निवेदिका पुढे आली आणि कंठ दाटून म्हणाली, की मंडळी, हीच आपली अस्मिता! टाळ्यांचा कडकडाट झाला. मग फेटे बांधलेल्या चार तरुणांनी पोवाडा म्हटला, मोरपिसांची टोपी घातलेला एक वासुदेव प्रेक्षकांमधून गिरक्या घेत गेला, दोन लावण्या झाल्या आणि शेवटी, २०२३ साली ज्याला राज्यगीताचा मान मिळाला ते गाणे सर्वांनी उभे राहून म्हटले. नंतर मी उठलो, संस्कृतीचे जतन, नव्या पिढीचे कर्तव्य वगैरे चार बरे शब्द बोललो आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो.

फराळाचे ताट पुढे ठेवताना पत्नी म्हणाली, “जात्याला खुंटा नव्हता. पाहिलंत का?”

मी पाहिले नव्हते. तीनशे माणसे बसली होती, त्यांपैकी निम्म्यांच्या आया-आज्या जात्यावर दळत आल्या असतील, आणि कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. खुंट्यावाचून ती मुलगी काय फिरवत होती? हवा! त्या दिवशी जे भाषण मी करायला हवे होते आणि केले नाही, ते आज येथे करतो आहे. वाचकहो, सणासुदीच्या अंकात कडू कारले वाढतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण नरकचतुर्दशीला आपण कारीट फोडून जिभेला लावतो, तशातलेच हे समजा.

आधी अस्मितेचे पाहू. हा शब्द आम्ही फार सैल हाताने वापरतो. पतंजलींच्या योगसूत्रांत अस्मितेची गणना पाच क्लेशांमध्ये केलेली आहे, अविद्येच्या लगेच पाठोपाठ. ही माहिती मी त्या निवेदिकेला दिली नाही. तिचा बिचारीचा काय दोष? पण ‘आपली’ ह्या शब्दाबद्दल मात्र तिला विचारायला हवे होते. आपली म्हणजे कोणाची?

लोकसंगीत म्हणजे आपणा सर्वांचे गाणे, हे ह्या सगळ्या उत्सवी प्रेमाचे गृहीतक आहे, आणि ते साफ खोटे आहे. गोंधळ गोंधळ्याचा होता. संबळ त्याच्या कमरेला होता. दिमडी वाघ्याच्या हातात होती, चौंडके जोगत्याच्या काखेत होते. हलगी गावच्या प्रत्येक मिरवणुकीपुढे वाजली, परंतु ती वाजवणारे हात मिरवणूक संपल्यावर वेशीबाहेर परत गेले. ओवी बाईची होती आणि तीही पहाटेच्या अंधारात, नवरा-सासरा उठण्याच्या आधीच्या बाईची. प्रत्येक गाण्याला एक जात होती, एक काम होते, एक वेळ होती. वरच्या आळीतल्या पुरुषाला ह्यांतले एकही गाणे येत नसे. त्याला ते ऐकू येत असे, इतकाच त्याचा संबंध. आज त्याच आळीचे नातू फेटा बांधून ‘आमचे लोकसंगीत’ म्हणतात. म्हणोत, पण म्हणण्यापूर्वी ज्याचे होते त्याला निदान विचारले तर पाहिजे की नाही?

वास्तविक पाहता ह्या गाण्यांचा इतिहास मराठीपणाच्या आजच्या कोत्या कल्पनांना पार उधळून लावणारा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० साली जो छंद गीतेच्या टीकेसाठी घेतला, तो त्यांच्या पूर्वीपासून बायांच्या तोंडी होता. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या अभिजाततेचा एक पाया उखळापाशी, मुसळाच्या घावाखाली घातला गेला आहे, हे त्या पेढ्यांच्या चवीत कोठे आले होते? पेशवाईच्या अखेरीचे शाहीर पाहा. रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, आणि सगनभाऊ जातीने मुसलमान, धंद्याने हत्यारांना धार लावणारा शिकलगार. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावच्या मैदानांवर ज्याचा पहाडी आवाज घुमला तो अमर शेख म्हणजे बार्शीचा मेहबूब पटेल. त्याच लढ्यासाठी ‘माझी मैना’ लिहिणारे अण्णा भाऊ साठे हे वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले. १ मे १९६० रोजी जे राज्य आपल्याला मिळाले, ते ह्या गळ्यांनी गाऊन मिळवलेले आहे. आता ‘शुद्ध मराठी संस्कृती’ असे कोणी म्हणू लागला, की मी त्याला विचारतो, बाबा रे, ह्यांतून नेमके कोणाला वगळायचे म्हणतोस?

दुसरे गृहीतक त्याहून घातक आहे. लोकगीताला कर्ता नसतो, ते समाजपुरुषाच्या मुखातून आपोआप प्रकट होते, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. हा समाजपुरुष मला आजवर कोठे भेटलेला नाही. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो, गुरूचे गुंफतो, गावाचे गुंफतो. अफजलखानाच्या वधावरचा सर्वांत जुना उपलब्ध पोवाडा अज्ञानदासाचा, हे आपल्याला कशावरून कळले? त्याने नाव घातले म्हणून. ओवीत बाई आपल्या लेकाचे, भावाचे, माहेरच्या गावाचे नाव घालते. म्हणजे नावे होती. ती पुसली कोणी? उतरवून घेणाऱ्यांनी! गाणारीचे नाव लिहायला अर्धी ओळ लागते, पण तेवढी ओळ वाचवून आम्ही तिला ‘लोक’ करून टाकले.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. त्या १९५१ साली वारल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. आईची गाणी त्यांनी उतरवून ठेवली, ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. सोपानदेव जर कवी नसते, खानदेशातले एखादे कारकून असते, तर? तर बहिणाबाईंची निम्मी गाणी विसरली गेली असती आणि निम्मी ‘खानदेशी लोकगीते, संकलित’ म्हणून कोठल्या तरी जाड ग्रंथात पडली असती. ज्यांचे लेक कवी नव्हते अशा किती बाया होत्या, ह्याचा हिशेब मांडायला बसलो की माझी छाती दडपते.

आणि येथे मला स्वतःचे एक माप पदरात घालून घेतले पाहिजे.

माझी आत्या माणदेशातली. १९८४ साली मी एक टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडे गेलो. तरुण होतो, लोकसाहित्यावर चार पुस्तके वाचली होती. तिला ओट्यावर बसवले, यंत्र सुरू केले आणि म्हटले, “आत्या, म्हण ओव्या.” ती नुसती हसली. म्हणाली, “आरं, जातं फिरल्याबिगर वव्या कशा येतील?” गावात गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती, जाते गोठ्यात भिंतीला टेकून उभे होते. ते आणून मांडले, खुंटा ठोकला, दोन शेर ज्वारी घेतली. तिने पहिली वैरण घातली, दगड घरघरला, आणि जी सुरू झाली ती उजाडेपर्यंत थांबली नाही. दोन पहाटे मिळून सव्वाशेच्या वर ओव्या झाल्या. दोन फिती भरल्या.

त्यांतल्या चाळीस मी एका नियतकालिकात छापल्या. ‘व्हता’चे ‘होता’ केले, ‘न्हाई’चे ‘नाही’ केले; वाचकांना अडू नये म्हणून, अशी मनाची समजूत घातली. चाल लंगडी झाली, पण शुद्धलेखन सुधारले! भावाच्या कौतुकाच्या ओव्या पुष्कळ होत्या, त्या घेतल्या. परंतु पाच-सहा ओव्या अशा होत्या, की त्यांत ह्याच भावाने बहिणीला चोळी-बांगडी करायला म्हणून बोलावले आणि तालुक्याच्या कचेरीत नेऊन जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला, अशी हकीकत होती. शाईने काळा झालेला अंगठा ती परतीच्या वाटेवर ओढ्याच्या पाण्यात घासते आहे आणि तो निघत नाही. हा भाऊ म्हणजे माझे वडील. त्या ओव्या मी गाळल्या. ‘ह्या प्रातिनिधिक नाहीत’ असा शेरा मी माझ्या वहीत लिहिलेला आहे. ती वही आजही माझ्याजवळ आहे.

आणि लेखाच्या खाली काय छापले? वर ठळक अक्षरांत माझे नाव, आणि खाली बारीक अक्षरांत, ‘माणदेशातील एका वृद्धेकडून मिळालेल्या ओव्या’. एका वृद्धेकडून! तिने मला लहानपणी न्हाऊ घातले होते. पुढे दुसऱ्या फितीवर मी आकाशवाणीवरून कोणा गवयाचा यमन उतरवून घेतला, कारण कोऱ्या फिती महाग होत्या. अंगठ्याच्या ओव्या त्या फितीवर होत्या. मला आता त्यांचा अर्थ आठवतो; शब्द आठवत नाहीत. आत्या जाऊनही पुष्कळ वर्षे झाली.

हे सांगितले ते कोणी माझी कीव करावी म्हणून नव्हे. संस्कृतीचे जतन करणारा प्राणी कसा असतो, त्याचा एक नमुना आतून पाहिलेला आहे, तो दाखवावा म्हणून. आमच्या समितीचे लोक माझ्याहून वाईट नाहीत. त्यांनी खुंटा काढला, मी अंगठा काढला.

उलट, काम कसे करावे ह्याचेही नमुने आपल्याकडे आहेत. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ सालीच ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून शास्त्र शिकवले. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत खंडामागून खंड काढले. गी प्वातवां आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हजारांहून अधिक गावांतल्या. आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे. त्या बायांनी नवऱ्याच्या माराबद्दल, पावसाबद्दल, पोटाच्या भुकेबद्दल जे जे म्हटले, ते ते त्यात आहे. एक मूळचा फ्रान्सचा माणूस पुण्यात राहून हे करतो, आणि मी सख्ख्या आत्याच्या ओव्यांना कात्री लावतो! २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी तारा भवाळकर बसल्या, तेव्हा ह्या विषयाला मोठी पाठ मिळाली असे वाटून मला बरे वाटले. पण हे सगळे ग्रंथालयात राहते आणि रंगमंचावर खुंट्यावाचूनचे जाते फिरते, ह्याला काय म्हणावे?

लावणीचे तर विचारूच नका. आमच्या कार्यक्रमात दोन सुशिक्षित घरच्या मुलींनी लावणी केली, छान केली, आणि लावणी आता ‘घरंदाज’ झाली म्हणून लोकांनी समाधानाचे सुस्कारे सोडले. जणू तोवर ती जिच्या घरी होती ते घरच नव्हते! विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट प्रत्येक निवेदक सांगतो. पोटात कळा येत असताना त्या नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकून आमचे डोळे पाणावतात. काय ही कलेवरची निष्ठा! अहो, निष्ठा कसली? बाळंतिणीला परत बोर्डावर बोलावणारे ते प्रेक्षक कोण होते, हा प्रश्न कोणालाच कसा पडत नाही? त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या त्यापूर्वीचे दिवस हलाखीचे होते. मागाहून त्यांच्या नावाने सरकारने पुरस्कार ठेवला. आमच्याकडे कलावंत मेला की त्याचे नाव पुरस्काराला देतात. जिवंतपणी त्याच्या नावावर घर मात्र नसते.

आणि जे गाणे आज खरोखर जिवंत आहे, त्याला आमच्या मातीच्या कार्यक्रमांत जागा नाही. मी भीमगीतांबद्दल बोलतो आहे. सत्यशोधकी जलसे, त्यानंतरचे आंबेडकरी जलसे, आणि पुढे सिन्नरजवळच्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक, असा त्यांचा प्रवाह आहे. वामनदादा २००४ साली गेले; त्यांची गाणी चौदा एप्रिलला महाराष्ट्राच्या वस्तीवस्तीत म्हटली जातात, आणि ती म्हणायला कोणाला कागद लागत नाही. प्वातवां-राईरकरांच्या संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. म्हणजे जाते फिरवणाऱ्या बाईने रामाला आणि विठ्ठलाला गायले, त्याच दगडावर भीमरावांनाही गायले. लोकगीताची जी जी व्याख्या आम्ही ग्रंथांत वाचतो, ती ती ह्या गाण्यांना लागू पडते. मुखोद्गत आहेत, समूहात म्हटली जातात, चाल तीच ठेवून शब्द बदलत जातात, सुखदुःखाच्या प्रसंगाशी बांधलेली आहेत. मग आमच्या मंडळींच्या यादीत ती का येत नाहीत? मी विचारले तर एक गृहस्थ म्हणाले, “ती प्रचाराची गाणी हो!” बरे, मग पोवाडा काय आहे? भारूड काय आहे? नाथांनी भारुडातून काय फक्त करमणूक केली? खरे कारण निराळे आहे, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेले गाणे आम्हांला आवडते, कारण ते उलटून बोलत नाही.

मला ठाऊक आहे, आता कोणी म्हणेल, की तुम्ही सगळ्यालाच नावे ठेवता. मग लोकांनी करायचे तरी काय? पुन्हा जाती मांडायची? नव्हे! गिरणी आली हे फार चांगले झाले. आत्याच्या तळहातावरचे घट्टे मी पाहिलेले आहेत. ओवी टिकावी म्हणून कोणा बाईने एक पायलीसुद्धा दळावी असे मी म्हणणार नाही. रंगमंचाशीही माझे वैर नाही. पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी ही गाणी रंगमंचावर आणली. पण ते जेथून आणत होते तेथले पाणी प्यालेले होते. डीजेच्या नावाने खडे फोडणाऱ्यांतलाही मी नव्हे. आमची संस्कृती डीजेने बुडवली म्हणणे फार सोयीचे आहे. डीजे यायच्या पुष्कळ आधी, हलगीवाल्याला पंगतीत सर्वांत शेवटी बसवून आम्ही ती बुडवायला सुरुवात केली होती.

गाणे घ्या, पण गाणाऱ्याचे नाव घ्या. त्याला त्याच्या बोलीत बोलू द्या. अहिराणीला अहिराणी राहू द्या, मालवणीला मालवणी. त्याला मानधन द्या. नुसता नारळ देऊन त्याचे पोट भरत नाही. आणि त्याच्या गाण्यात आपल्याविरुद्ध काही निघाले, तर तेही ऐकून घ्या. इतके झेपत नसेल तर खुशाल भावगीते लावावीत. तीही चांगली असतात.

ह्या वर्षी समितीचे चिटणीस पुन्हा आमंत्रण घेऊन आले होते. मी त्यांना चहा दिला आणि म्हटले, की ओवी कोणाची, ते निवेदनात सांगितले पाहिजे. निदान एक भीमगीत झाले पाहिजे, आणि ते म्हणायला पलीकडच्या वस्तीतले गायक बोलावून त्यांना इतरांइतकेच पैसे दिले पाहिजेत. आणि जात्याला खुंटा पाहिजे. ते गंभीर झाले. म्हणाले, “सर, आपला कार्यक्रम कौटुंबिक असतो.” मी म्हटले, “त्या वस्तीतही कुटुंबेच राहतात.” समितीपुढे ठेवतो म्हणून ते गेले. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. हा अंक आपल्या हाती पडेल तोवर काय ते ठरलेले असेल. खुंट्याचे मात्र त्यांनी जिना उतरता उतरताच कबूल केले.